दाराकडची बाजू आपली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात बेलतरोडीच्या बाजूच्या एका लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, तुमचे दोन माळ्यांचे घर आहे, वरचा माळा गेल्या महिन्यात रिकामा झाला, आईवडील काही महिन्यांसाठी भावाकडे पुण्याला गेले आहेत आणि खाली तुम्ही एकट्या राहता. जाहिरात टाकल्यापासून अनोळखी माणसांचे फोन येत आहेत. त्यांपैकी एकाने ‘नोकरीमुळे रात्री साडेआठलाच येता येईल’ असे सांगितले आणि बोलता बोलता ‘घरी आणखी कोण कोण असते’ असेही विचारले, तेव्हा तुम्ही काहीतरी कारण सांगून त्याला टाळले. आता तुम्ही विचारता आहात की आपण विनाकारण घाबरलो का, आणि घर दाखवायचेच आहे तर ते सुरक्षितपणे कसे दाखवावे.

मी सतरा वर्षांपासून प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर आणि बेसा या भागांत घरे भाड्याने देण्याघेण्याचे काम करते आहे आणि त्यातला बराचसा वेळ अनोळखी माणसांना रिकाम्या खोल्या दाखवण्यात गेला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: तुम्ही चुकला नाहीत. मात्र तो माणूस वाईट होता, असेही यावरून ठरत नाही. घरमालक त्याच घरात राहतो का, रात्री फाटक किती वाजता बंद होते, पाहुणे आलेले चालतात का, हे जाणून घेण्यासाठी भाडेकरू असा प्रश्न नेहमीच विचारतात. अडचण अशी आहे की तुम्ही फोनवरच्या आवाजावरून माणूस ओळखण्याचा प्रयत्न करीत आहात, आणि ते कोणालाच जमत नाही. सतरा वर्षांनंतर मलाही जमत नाही. त्यामुळे ‘हा माणूस चांगला की वाईट’ हा प्रश्न बाजूला ठेवून मी वेगळा प्रश्न विचारते: हा माणूस वाईट निघालाच, तर त्या वेळी मी कोठे उभी असेन, माझा आवाज कोणाला ऐकू जाईल आणि मी तेथे आहे हे कोणाला ठाऊक असेल? या तिन्ही गोष्टी माझ्या हातात आहेत आणि त्या भेटीच्या आधीच ठरवता येतात.

हे मी अनुभवाने शिकले. कामाला लागून दोन-तीन वर्षे झाली होती, मे महिना होता, आणि बेशाच्या पुढे नुकत्याच वसू लागलेल्या एका लेआउटमधील डुप्लेक्स दाखवायला मी दुपारी दोन वाजता एकटीच गेले. भरदिवसा कसली भीती, असे मला वाटले होते. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला पुढे होऊन घर दाखवण्याची रीत आहे. त्या रीतीनुसार मी जिना चढून आधी वर गेले, गृहस्थ माझ्या मागून आले आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले. खोल्या पाहण्याऐवजी त्यांनी शेजारी कोण राहते, येथे रात्री कोणी असते का, तुम्ही कशाने आलात, असे प्रश्न विचारायला सुरुवात केली. मी खाली जाण्यासाठी दोनदा पुढे झाले, पण ते बाजूला झाले नाहीत. मोबाइलला रेंज नव्हती. आजूबाजूला दोनच घरे वसलेली होती आणि त्या दोन्ही घरांत कूलर घोंघावत होते, म्हणजे मी ओरडले असते तरी ते कोणाच्या कानावर पडले नसते. ‘घरमालक फाटकाशी आले आहेत, त्यांना किल्ली द्यायची आहे’ असे मी खोटेच सांगितले आणि क्षणभर थांबून ते बाजूला झाले. पुढे काहीही घडले नाही. त्या माणसाच्या मनात काही होते, की तो नुसताच आगाऊ आणि अडाणी होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पण चार-पाच मिनिटे मला दारापर्यंत जाता येत नव्हते, एवढे खरे. आणि ती परिस्थिती त्याने निर्माण करण्याच्या आधी मीच निर्माण केली होती: वेळ मी ठरवली होती, जिना मी आधी चढले होते आणि मी कोठे आहे हे घरी कोणालाही सांगितले नव्हते.

तेव्हापासून दिवसाउजेडी घर दाखवावे, हा सल्ला मी नागपुरात जसाच्या तसा देत नाही. एप्रिलच्या मध्यापासून जून अर्धा सरेपर्यंत आपल्याकडे दुपारी बारा ते पाच या वेळेत रस्ते ओस पडतात, पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, लोक दारे-खिडक्या लावून कूलरसमोर पडलेले असतात, आणि त्या आवाजात त्यांना स्वतःच्या दारावरची घंटासुद्धा ऐकू येत नाही. त्या वेळेची दुपार एकटेपणाच्या हिशेबाने रात्रीसारखीच असते. याउलट डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि नोकरीवरून निघालेला माणूस पोहोचेपर्यंत अंधार झालेला असतो. माझ्या मते आपल्या लेआउटमध्ये घर दाखवायला सर्वांत चांगली वेळ सकाळी आठ ते दहा ही होय. या वेळेत शेजारी अंगणात असतात, कचरागाडी येऊन जाते, मुलांच्या स्कूलव्हॅन निघतात, कामवाल्या बाया या घरातून त्या घरात जात असतात आणि इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत कोणी ना कोणी रस्त्यावर असतेच. नोकरदारांसाठी रविवारची सकाळ ठेवावी. ज्याला खरोखर घर हवे आहे तो रविवारी सकाळी येतो. रात्रीशिवाय जमतच नाही असे सांगणाऱ्याला मी दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवते आणि पसंत पडले तर रविवारी या, असे सांगते. व्हिडिओचा आणखी एक उपयोग असा की, केवळ घरे बघत फिरण्याची हौस असलेली माणसे तेथेच गळतात आणि प्रत्यक्ष दाखवण्याच्या खेपा निम्म्याने कमी होतात. व्हिडिओत फाटकावरची नावाची पाटी, गाडीचा क्रमांक, दाराचे कुलूप आणि खिडक्यांच्या ग्रिलची घडण दिसू देऊ नये.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे मान्य करायला हवे. चौकीदार, नोंदवही आणि कॅमेरे असलेल्या मोठ्या सोसायटीतील फ्लॅट दाखवणे आणि अर्धे प्लॉट अजून मोकळे असलेल्या लेआउटमधील घर दाखवणे यांत फरक आहे. धरमपेठेत किंवा महालात भिंतीला भिंत लागून घरे असतात, तेथे हाक मारली तर चार खिडक्या उघडतात. तुमच्या घराची एक बाजू जास्त नाजूक आहे. मी घर दाखवून निघून जाते आणि त्या माणसाला माझा राहता पत्ता कळत नाही. तुम्ही मात्र दाखवता त्याच घरात राहता. भेट सुरळीत पार पडली, तरी तो गेल्यानंतर ‘खाली एक बाई एकटी राहते’ ही माहिती त्याच्याबरोबर जाते. म्हणून तुमच्यासाठी ती अर्ध्या तासाची भेट जितकी महत्त्वाची आहे, तितकेच त्या भेटीतून काय कळते आणि काय कळत नाही हेही महत्त्वाचे आहे.

माहितीचा भाग फोनपासून सुरू होतो. जाहिरातीत आणि फाटकावरच्या ‘किरायाने देणे आहे’ या पाटीवर आपले नाव लिहू नये. शक्य असेल तर या कामापुरते वेगळे सिमकार्ड घ्यावे, कारण रोजच्या क्रमांकाशी आपला फोटो, कुटुंबाचा फोटो आणि बँकेची देवघेव जोडलेली असते. बोलताना ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणावे. ‘आमच्याकडे आधी नोंद करून मगच घर दाखवतात’ या वाक्यात खोटे काही नाही, आणि त्यातून घरात किती माणसे आहेत हे कोणाला कळतही नाही. ‘घरी कोण कोण असते’ या प्रश्नाला ‘खाली आम्ही घरचेच राहतो, येणे-जाणे चालू असते’ एवढे उत्तर पुरे आहे. बाहेर पुरुषांच्या चपलांचा जोड ठेवण्याचा उपाय मला अनेक बायकांनी सांगितला आहे. ठेवायचा असेल तर ठेवावा, पण चार महिने जागचे न हललेले, धुळीने माखलेले जोडे पाहणाऱ्याला वेगळेच काही सांगून जातात.

नंतर आपण विचारायचे. पूर्ण नाव, सध्या कोठे राहता, ते घर का सोडता, काम कोठे आहे, राहणारे कितीजण, केव्हापासून हवे, हे मी प्रत्येकाला विचारते आणि वहीत लिहिते. उत्तरांपेक्षा ती कशी येतात याकडे माझे जास्त लक्ष असते. मिहानमध्ये किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणारा माणूस आपली पाळी कोणती आणि बस कोठून पकडतो, हे न विचारताही सांगून जातो. ज्याला प्रत्येक उत्तराआधी थांबावे लागते, त्याला मी घर दाखवत नाही, असे मात्र नाही. मी त्याच्याकडून आणखी एक गोष्ट मागते, आणि खरे तर ती सगळ्यांकडूनच मागते: ओळखपत्राचा फोटो. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत किंवा नोकरीच्या ठिकाणचे ओळखपत्र चालते. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. घर पसंत पडले तर करार ऑनलाइन नोंदवताना आधार आणि बोटाचा ठसा द्यावाच लागतो आणि पोलीस ठाण्यासाठी भाडेकरूची माहितीही भरावी लागते, तेव्हा जे पुढे द्यायचेच आहे त्यातले थोडे आधी मागितले, एवढेच. जो भाडेकरू होत नाही त्याच्या ओळखपत्राचा फोटो मी महिनाभराने पुसून टाकते, आणि तसे त्याला आधीच सांगते. ट्रूकॉलर ॲपवर दिसणारे नाव हा ओळखीचा पुरावा मानू नये, कारण ते नाव बहुधा इतरांनी आपापल्या फोनमध्ये कसे साठवले आहे यावरून किंवा त्या माणसाने स्वतः काय टाकले आहे यावरून तयार झालेले असते.

ओळखपत्र मागितल्यावर कोणी चिडला तर? चिडणारे भेटतात. ‘घर दाखवता की पासपोर्ट काढता’ असे मला एकाने ऐकवले होते. त्यावर वाद घालू नये, ‘आमची पद्धत आहे’ एवढेच म्हणावे. गंमत अशी की, तोच माणूस दोन दिवसांनी ओळखपत्र पाठवून घर पाहायला आला आणि पुढे तीन वर्षे उत्तम भाडेकरू म्हणून राहिला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. सुरक्षिततेच्या नावाखाली ‘बॅचलर नको’, ‘अमुक समाजाचे नको’, ‘बाहेरच्या राज्यातले नको’ अशी गाळणी लावणारे घरमालक मी रोज पाहते. ती गाळणी कोणाचेही रक्षण करीत नाही. तिच्यामुळे फक्त इतकेच होते की, नीटनेटके कपडे घातलेला आणि ओळखीचे आडनाव सांगणारा माणूस आला की आपण सगळे नियम गुंडाळून ठेवतो. मला जिन्यावर अडवणारे गृहस्थ चांगल्या गाडीतून आले होते आणि त्यांची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध होती. नियम सर्वांना सारखे असावेत. तसे असले की ते पाळताना कोणाचा अपमान होत नाही आणि आपल्यालाही ओशाळे वाटत नाही.

आता प्रत्यक्ष भेट. अनोळखी माणसाला मी थेट घराचा पत्ता कधीच देत नाही. चौकातला पानठेला, किराणा दुकान किंवा दवाखाना सांगते आणि तेथे आल्यावर फोन करायला सांगते. तेथून घरापर्यंत दोघेही आपापल्या गाडीवर जातो. त्याच्या गाडीत मी बसत नाही आणि त्याला माझ्या स्कूटीवर बसवीतही नाही. उन्हाळ्यात बहुतेक माणसे तोंडाला दुपट्टा बांधून येतात आणि बायकाही स्कार्फमध्ये असतात, त्यामुळे चौकात भेटल्यावर ‘चेहरा दाखवा, फोटोशी जुळवते’ असे मी हसून म्हणते. दुकानदाराने आम्हा दोघांना एकत्र पाहिलेले असते आणि बहुतेक दुकानांवर आता कॅमेरा असतो. ‘किल्ली पानठेल्यावर ठेवली आहे, तुम्हीच बघून या’ असे सांगण्याची आपल्याकडे जी सवय आहे, ती मात्र सोडावी. अशी फिरलेली किल्ली परत आली तरी त्या कुलपावर भरवसा ठेवता येत नाही. पुष्कळ लोकांनी घर पाहिले असेल तर भाडेकरू येण्याआधी कुलूप बदलण्याचा खर्च मी घरमालकाला करायला लावते.

तुमच्या घरात हे थोडे वेगळ्या रीतीने करावे लागेल. वरच्या माळ्याचा जिना बाहेरून आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ही मोठी सोय आहे, कारण पाहायला आलेल्या माणसाला तुमच्या राहत्या खोल्यांत पाऊल टाकण्याची गरजच पडत नाही. तो येण्यापूर्वी खालच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. पाणी मागितले तर आधीच बाहेर भरून ठेवलेल्या बाटलीतून द्या, त्यासाठी दार उघडू नका. बाथरूम वापरायचे असेल तर वरचे आहेच. दोघे आले असतील तर दोघांना बरोबर ठेवा. एकाने गच्ची बघायची आणि दुसऱ्याने खाली ‘पाण्याचा बोअर कोठे आहे’ म्हणून फिरायचे, असे होऊ देऊ नका. राहत्या घरातून पाकीट, मोबाइल किंवा किल्ल्यांचा जुडगा गेल्याच्या ज्या गोष्टी माझ्या कानावर आल्या, त्यांत बहुतेक वेळा दोन माणसे होती आणि दाखवणारी एकच होती.

वर जाण्याआधी पंधरा मिनिटे तुम्ही एकट्या जाऊन तयारी करा. सगळ्या खिडक्या आणि पडदे उघडा, दिवे लावा आणि दार सताड उघडून त्याला वीट किंवा जड कुंडी लावून ठेवा. दाराला कडीकोयंडा असेल तर उघड्या कोयंड्यातच कुलूप अडकवून ते बंद करा, म्हणजे बाहेरून कोणाला कडी घालता येणार नाही. नाइट लॅच असेल तर त्याचा खटका मागे करून ठेवा. मोबाइलला कोणत्या खोलीत रेंज जाते, हेही एकदा पाहून घ्या. मग पाहुणा आला की त्याला पुढे होऊ द्या. ‘तुम्ही बघून घ्या, डाव्या हाताला स्वयंपाकघर आहे, पुढे दोन बेडरूम, मागे बाल्कनी’ असे दारात उभ्या राहून सांगता येते. त्याच्या मागोमाग खोलीत, बाथरूममध्ये, माळ्याखालच्या अडगळीच्या जागेत किंवा गच्चीवर जाऊ नका. ‘हा नळ जरा चालू करून दाखवा’ असे म्हटले तर ‘तुम्हीच करून बघा, तुम्हालाच वापरायचा आहे’ असे म्हणावे. माझ्या कामाचा सगळा गाभा येथे आहे. घरात कोठेही असले तरी दार माझ्या पाठीशी आणि तो माणूस माझ्या समोर असतो. माझ्या आणि दाराच्या मध्ये तो कधीच येत नाही. पहिल्या पाच-सहा वेळा हे उद्धटपणाचे वाटते. आईने शिकवलेला पाहुणचार आड येतो. पण लोकांना त्यात काहीही खटकत नाही, उलट घरमालक मागे मागे फिरत नसल्यामुळे ते नवरा-बायको आपसात मोकळेपणाने बोलतात.

दुसरे माणूस बरोबर असले तर उत्तमच. पण ‘कोणाला तरी बरोबर घ्या’ हा सल्ला देणे सोपे असते आणि दर वेळी माणूस मिळत नाही. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई सकाळी ज्या वेळी येतात, तीच वेळ घर दाखवायला ठेवता येईल. त्यांना अर्धा तास जास्त थांबावे लागले तर त्याचे पैसे द्या आणि त्यांना राखणदार बनवू नका, त्या अंगणात असणे पुरेसे आहे. शेजारच्या काकूंना ‘रविवारी साडेआठला लोक येणार आहेत, तेवढा वेळ पोर्चमध्ये बसाल का’ असे विचारले तर नागपुरात नाही म्हणणारे शेजारी मला अजून भेटायचे आहेत. उलट त्या भाडेकरूची सगळी चौकशी तुमच्याआधी पूर्ण करतील. आणखी एक युक्ती मी नेहमी वापरते. तीन-चार इच्छुकांना एकाच सकाळी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने बोलावते. पहिला निघतो तेव्हा दुसरा फाटकाशी आलेला असतो, त्यामुळे कोणालाही फार वेळ एकांत मिळत नाही. शिवाय दुसरे गिऱ्हाईक डोळ्यांनी दिसले की भाड्यावरून होणारी घासाघीसही जरा कमी होते.

घरच्यांना कळवण्याबद्दल मात्र नीट सांगायला हवे, कारण येथे बहुतेक जण अर्धेच काम करतात. आमच्या व्यवसायात सांगितली जाणारी एक खरी घटना आहे. २८ जुलै १९८६ रोजी लंडनच्या फुलहॅम भागात सुझी लॅमप्लू ही २५ वर्षांची इस्टेट एजंट एका गिऱ्हाइकाला घर दाखवण्यासाठी दुपारी कार्यालयातून निघाली आणि परत आली नाही. तिचा मृतदेहही सापडला नाही. तिच्या कामाच्या डायरीत वेळ, घराचा पत्ता आणि गिऱ्हाइकाचे नाव ‘मिस्टर किपर’ असे लिहिलेले होते. म्हणजे नोंद होती. पण ते नाव खरे आहे का हे कोणी तपासलेले नव्हते, आणि ती ठरल्या वेळी परतली नाही तर कोणी काय करायचे, हेही ठरलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी पुढे तिच्या नावाने एक संस्था काढली, ती एकट्याने काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी आजही काम करते. ही घटना मला समजल्यापासून मी नुसते ‘जाऊन येते’ असा संदेश पाठवत नाही. गिऱ्हाइकाचे नाव, क्रमांक, ओळखपत्राचा फोटो, घराचा पत्ता आणि लाइव्ह लोकेशन मी बहिणीला पाठवते आणि वेळ सांगते: नऊ वाजता मी फोन करीन, नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत आला नाही तर तू कर, मी उचलला नाही तर शेजाऱ्यांना फोन कर आणि त्यांनाही काही कळले नाही तर ११२ लाव. तुमच्या बाबतीत भाऊ पुण्यात आहे, तो लगेच धावून येऊ शकत नाही, म्हणून त्याच्याकडे शेजारच्या दोन घरांचे क्रमांक असलेच पाहिजेत. बहिणीशी माझे एक वाक्यही ठरलेले आहे. मी फोनवर ‘हिरवी फाइल कपाटात आहे का बघ’ असे म्हटले, तर समोर माणूस आहे आणि मला येथून निघायचे आहे, हे तिला कळते. सतरा वर्षांत हे वाक्य मी दोनदा वापरले. दोन्ही वेळा तिने ‘सर आले आहेत, लगेच ऑफिसला ये’ असे मोठ्याने सांगितले आणि मी निघाले.

पाटी पाहून न सांगता दारावर येणारे लोक हा स्वतंत्र विषय आहे आणि एकट्या राहणाऱ्या बाईला त्यांचाच त्रास जास्त होतो. फाटक आतून कडी घालून ठेवा, जाळीच्या दाराआडून बोला आणि ‘पाटीवरच्या क्रमांकावर फोन करून वेळ घ्या’ असे सांगा. तो तेथेच उभा राहून फोन करू लागला तरी आज दाखवता येणार नाही, हे उत्तर बदलू नका. अपवाद एकदा केला की पुढच्या वेळी नाही म्हणणे जड जाते.

मिरचीच्या स्प्रेबद्दल बऱ्याच जणी विचारतात. माझ्या पर्समध्ये तो असतो, पण बंद खोलीत फवारला तर तो आपल्याही डोळ्यांत जातो आणि पर्सच्या तळाशी असलेला स्प्रे वेळेवर सापडत नाही. त्यापेक्षा हातात फोन आणि गाडीची किल्ली असणे, पायांत पळता येईल अशी चप्पल असणे आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून लावलेली असणे, याचा मला जास्त भरवसा वाटतो.

अस्वस्थ वाटले तर निघायचे. त्यासाठी पुरावा लागत नाही. ‘खाली गॅस चालू राहिला’, ‘फोन आला, मला जावे लागेल’, कोणतेही कारण चालते, आणि ते पटण्यासारखे असण्याची गरज नाही. आधी दाराबाहेर, मग रस्त्यावर, आणि घराला कुलूप लावण्याची काळजी शेवटी. रिकाम्या खोलीतून चोरण्यासारखे काही नसते. कोणी अंगाला हात लावला, अश्लील बोलला किंवा अडवून धरले तर ११२ वर फोन करावा. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, ‘घटना आमच्या हद्दीतली नाही’ म्हणून पोलिसांना परत पाठवता येत नाही. घर दिले नाही म्हणून कोणी वारंवार फोन आणि संदेश करीत राहिला, तर ‘यापुढे संपर्क करू नये’ असा एकच स्पष्ट संदेश पाठवावा आणि तो जपून ठेवावा. स्त्रीने नकार स्पष्ट केल्यानंतरही पुरुष संपर्क साधत राहिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार तो पाठलागाचा गुन्हा होतो, आणि त्या वेळी हा एक संदेश फार उपयोगी पडतो.

पैशांबाबत थोडेसे. मी सैन्यात आहे, कामठीला किंवा वायुसेनानगरला बदली झाली आहे, घर न पाहताच पसंत आहे, अनामत आत्ता पाठवतो, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा, असे सांगणारा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. चुकून गेलेच तर १९३० वर लगेच कळवावे. आणि माणूस पसंत पडला की करार लेखी करून नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींविषयी वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल ते आधी धरले जाते. पोलिसांकडे द्यायची माहिती ऑनलाइन भरता येते. ती किल्ली देण्याआधी भरावी.

वाचणाऱ्यांत घर शोधणाऱ्या मुलीही असतील. हेच सगळे उलट बाजूने लागू पडते: घरमालकाला पुढे जाऊ द्यावे, आपण दाराजवळ थांबावे, मैत्रिणीला पत्ता पाठवावा, आणि ‘खोली मागच्या बाजूला आहे, या’ म्हटल्याबरोबर एकटीने मागे जाऊ नये.

आता त्या साडेआठच्या गृहस्थांचे काय करायचे? त्यांना टाळून तुम्ही काही गमावलेले नाही आणि दारही कायमचे बंद केलेले नाही. आज त्यांना एवढाच संदेश पाठवा: ‘घर अजून रिकामे आहे. आम्ही घर फक्त रविवारी सकाळी साडेआठ ते दहा या वेळेत दाखवतो. येण्याआधी ओळखपत्राचा फोटो पाठवावा आणि चौकातल्या किराणा दुकानापाशी येऊन फोन करावा.’ त्यांना घर हवे असेल तर उत्तर येईल. त्याच रविवारी आणखी दोन जणांना बोलावून ठेवा, आणि शेजारच्या काकूंना पोर्चमध्ये चहाला बसायचे आजच सांगून ठेवा.